लाखांचा बोरोस्कोप आणि झाकणाची ओ-रिंग

प्रति,
महाराष्ट्रातील विमान देखभाल प्रशिक्षण संस्थांचे संचालक,
आणि व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालय, महाराष्ट्र राज्य

विषय : इंजिन दुरुस्तीच्या प्रशिक्षणातले हातकाम

सप्रेम नमस्कार.

नागपूरच्या मिहानमध्ये विमान देखभालीचे मोठे केंद्र उभे राहिले. एप्रिल २०२० मध्ये देखभाल-दुरुस्तीवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. इंजिने परदेशी न पाठवता इथेच उघडावीत, असे सगळेच म्हणू लागले आहेत. त्यासाठी प्रयोगशाळांना पैसा मिळतो आहे, याचा आम्हाला मनापासून आनंद आहे. आम्ही इंजिन शॉपमध्ये आणि हँगरमध्ये काम करणारे तंत्रज्ञ, निरीक्षक आणि परवानाधारक अभियंते आहोत. तो पैसा आधी कशावर जावा, एवढ्याचसाठी हे पत्र आहे.

व्हिडिओ बोरोस्कोप (इंजिनाच्या आत घालून पाहायचा नळीसारखा कॅमेरा), डोळ्यांवर चढवायचे आभासी चष्मे आणि काचेआड ठेवलेले चकचकीत कापीव इंजिन ही तीन नावे खरेदीच्या यादीत वर असतात. व्हाइस, कानशी, लॉकवायर (नट-बोल्ट सैल होऊ नयेत म्हणून बांधायची तार), ओ-रिंग (गळती रोखणारे रबरी कडे) आणि भंगारातली पाती तळाशी असतात, आणि पैसे संपले की कात्री यांनाच लागते. आमची विनंती आहे की ही यादी उलटी करा. त्याची कारणे खाली देतो.

२३ फेब्रुवारी १९९५ ची गोष्ट घ्या. ब्रिटिश मिडलंडचे एक बोइंग ७३७-४०० इंग्लंडमधल्या ईस्ट मिडलंड्सहून लांझारोटेला निघाले. उड्डाणानंतर थोड्याच वेळात दोन्ही इंजिनांतल्या तेलाचा साठा आणि दाब घसरू लागला. वैमानिकांनी विमान ल्यूटनला वळवून सुखरूप उतरवले. आदल्या रात्री दोन्ही इंजिनांची बोरोस्कोप तपासणी झाली होती. आतली पाती एकामागून एक कॅमेऱ्यासमोर आणायची तर उच्चदाब रोटर हाताने फिरवावा लागतो. त्यासाठी गिअरबॉक्सवरचे एक छोटे झाकण काढून तिथे फिरवायचा दांडा लावतात. तपासणी संपली आणि ते झाकण दोन्ही इंजिनांवर परत बसवायचे राहून गेले. इंजिने सुरू झाल्यावर जवळजवळ सगळे तेल त्या उघड्या तोंडातून बाहेर गेले. काम मध्येच एकाकडून दुसऱ्याकडे गेले होते, रात्रपाळी होती, व्यत्यय येत होते, आणि शेवटी इंजिन सुरू करून गळती पाहिली गेली नव्हती.

त्या रात्री बोरोस्कोपने त्याचे काम केले होते. चूक झाली ती झाकण, ओ-रिंग, नट आणि शेवटची चाचणी यांत. इंजिनाच्या कामात किमती उपकरण मधल्या तासाभरापुरते लागते. त्याच्या आधीचे उघडणे आणि नंतरचे बंद करणे हातानेच होते, आणि प्रशिक्षणात आज सर्वांत कमी वेळ या दोन टोकांना मिळतो.

बोरोस्कोपचेच काम जरा सविस्तर सांगतो. इंजिन बंद झाल्यावर गरम भाग थंड होऊ द्यावा लागतो. प्रोब म्हणजे आत जाणारी कॅमेऱ्याची नळी. बहुतेक प्रोबचे टोक १०० अंश सेल्सिअसच्या आसपासच टिकते. घाई केली की आधी चित्र पांढुरके होते आणि मग कॅमेरा जातो. तपासणीच्या छिद्रांचे प्लग काढताना पहिली परीक्षा होते. टर्बाइनच्या बाजूचे प्लग उष्णतेने आट्यांत धरून बसतात. तिथे लांब दांडा लावून झटका दिला तर प्लगचे डोके तुटते किंवा केसिंगचे (इंजिनाच्या बाहेरच्या कवचाचे) आटे ओरबाडून निघतात. मग अर्ध्या तासाच्या तपासणीपायी इंजिन उतरवायची पाळी येते. भेदक तेल सोडायचे, थांबायचे, थोडे घट्ट आणि थोडे सैल असे हलवत सोडवायचे, आणि पान्यातून येणारा ताण स्प्रिंगसारखा लवचिक लागतो की धातू सरकल्यासारखा, हे ओळखायचे. हा फरक कोणत्याही पडद्यावर दिसत नाही. काही प्लग केसिंगच्या दोन भिंतींतून आत जातात. परत बसवताना त्याचे आतले टोक आतल्या भिंतीतल्या छिद्रात नीट बसले का, हे बोटांनीच समजते. ते तिरके राहिले आणि बाहेरून टॉर्क (आवळण्याचा मोजका जोर) देऊन टाकला, तर आत गरम हवा गळत राहते.

पुढे पाती मोजायची. सीएफएम५६-७बी या इंजिनाच्या उच्चदाब टर्बाइनला ८० पाती असतात. सुरुवातीचे पाते ठरवायचे, खूण लक्षात ठेवायची, एकाच दिशेने फिरवायचे. दिशा बदलली की गिअरमधला ढिलेपणा मध्ये येतो आणि मोजणी सरकते. शेवटी ७९ किंवा ८१ आले तर पूर्ण फेरी पुन्हा. दांडा फिरवणारा आणि प्रोब धरणारा यांच्यात एक पक्का ठराव लागतो : प्रोबवाल्याने तोंडाने सांगितल्याशिवाय दांडा हलणार नाही. प्रोब पात्यांच्या मध्ये असताना रोटर फिरला तर प्रोबचे टोक कापले जाऊन इंजिनातच राहते. लाखोंच्या घरातले उपकरण जाते ते जातेच, वर ते टोक शोधण्यासाठी इंजिन उघडावे लागते.

मग निदान. काजळीची रेघ, इंधनाच्या ज्वाळेचा ओघळ, लेपाची सुटलेली कड आणि खरा तडा हे चारही पडद्यावर सारखेच काळे दिसतात. जाणता माणूस प्रोब जरा बाजूला घेतो, उजेडाचा कोन बदलतो आणि रेघेची सावली सरकते का ते पाहतो. त्रिमितीय मापन करणारे उपकरण खोली मिलिमीटरच्या शतांशात देते. पण प्रोब लांब किंवा तिरपा धरला असेल तर तो आकडाही चुकतो, आणि दशांशचिन्हापुढचे आकडे पाहून नवखा माणूस त्यावर जास्तच विश्वास ठेवतो. पाती ओळखणाऱ्या नव्या संगणक-प्रणाली आल्या आहेत आणि त्या उपयोगी आहेत. प्रोब योग्य जागी नेऊन स्थिर धरण्याचे काम मात्र त्या करत नाहीत.

आता दुरुस्तीकडे. पंख्याच्या पात्याच्या पुढच्या कडेला धावपट्टीवरच्या खड्याने खाच पडते. हे काम रोजचे आहे, आणि यात महागडे काहीच नाही : भिंग, खोलीमापक, बारीक दातांची कानस, १५० पासून ४०० पर्यंतचे पॉलिश पेपर. आधी खाच पात्याच्या कोणत्या पट्ट्यात आहे ते इंजिनाच्या देखभाल-पुस्तिकेतल्या आकृतीवर ठरवायचे. मुळाकडच्या भागात जी सूट नसते ती टोकाकडे असते. खाच निघून गेली तरी थांबायचे नाही. तिच्या तळाशी दबलेला, ताणलेला धातू उरतो, तो निघेपर्यंत आणखी थोडे घासायचे. खड्डा उथळ आणि पसरट करायचा. लांबी खोलीच्या किती पट हवी ते त्या इंजिनाची पुस्तिका सांगते. कडेची मूळ गोलाई परत आणायची. ती सपाट राहिली तर हवा तिथे फाटते आणि पात्यावर वेगळा भार येतो. शेवटचा हात पात्याच्या लांबीच्या दिशेने मारायचा. फिरताना ताण मुळापासून टोकाकडे असतो. त्याला आडवा गेलेला ओरखडा कितीही बारीक असला तरी पुढे तिथूनच तडा सुरू होऊ शकतो.

टायटॅनियमच्या पात्यांत आणखी एक धोका असतो. टायटॅनियम उष्णता लवकर वाहून नेत नाही. वेगवान ग्राइंडर एका जागी टेकवला की कड गवती पिवळी आणि मग निळी पडते. ती निळाई पॉलिशने झाकता येते, पण आतल्या धातूचे गुण बदललेले असतात. असे पाते बाद करायलाच हवे. निळाई झाकून पाते पुढे सरकवणारा हात तयार होऊ नये, हे प्रशिक्षणातच ठरते. घासून झाल्यावर तडा नाही याची तपासणी करायची. पाते बदलावे लागले तर त्याच्यावर कोरलेले मोमेंट वेट (फिरताना ते पाते किती ओढ देईल याचा आकडा) पाहून, समोरासमोरच्या जोडीचा हिशेब जुळवून बसवायचे. हा हिशेब कागदावर नीट केला तर इंजिन पुढे थरथरत नाही, आणि असंतुलनाचे यंत्र जोडून फेऱ्या मारत बसावे लागत नाही.

याच कामातली एक छोटी बाब आहे, जी पाठ्यपुस्तकात एका ओळीत उरकली जाते. गरम भागातल्या सुट्या भागांवर साध्या शिसपेन्सिलीने खूण करायची नाही. पेन्सिलीतला कार्बन तापल्यावर धातूत शिरतो आणि तिथे भाग ठिसूळ होतो. शिसे, जस्त, कॅडमियम यांच्या खुणाही तितक्याच घातक असतात. कॅडमियमचा मुलामा असलेले हत्यार टायटॅनियमवर चालवायचे नाही, क्लोरिनयुक्त द्रावकाने ते पुसायचे नाही. मान्यताप्राप्त शाईचे पेन प्रत्येकाच्या खिशात असले पाहिजे. एक पेन्सिल आणि एक टर्बाइन पाते यांची किंमत शेजारी शेजारी लिहून वर्गात लावली, तरी बराच फायदा होईल.

टॉर्कबद्दल. बऱ्याच संस्थांत टॉर्क रेंच दाखवला जातो, एकदा 'टक्' आवाज ऐकवला जातो आणि लॉगबुकात सही होते. खरी चूक दुसरीकडेच होते. अडचणीच्या जागी रेंचपुढे जोडपाना लावावा लागतो. समजा रेंचची लांबी ३०० मिलिमीटर आहे, सरळ रेषेत पुढे लावलेला जोड ५० मिलिमीटर आहे, आणि नटाला ३५ न्यूटन-मीटर हवे आहेत. तर रेंचवर ३५ ला ३०० ने गुणून ३५० ने भागायचे, म्हणजे ३० लावायचे. हे विसरून ३५ वरच ठेवले तर नटावर जवळजवळ ४१ न्यूटन-मीटर जातात, सुमारे १७ टक्के जास्त. जोड काटकोनात लावला तर हा हिशेब लागत नाही. स्वतःहून आवळून राहणाऱ्या नटाला आट्यांवर फिरायलाच थोडा जोर लागतो. पुस्तिका सांगत असेल तर तो मोजून टॉर्कच्या आकड्यात मिळवायचा. आट्यांना तेल लावायचे की कोरडे ठेवायचे, हेही पुस्तिकेप्रमाणेच. त्याच टॉर्कला तेलकट आटे बोल्टला कोरड्यापेक्षा बरेच जास्त ताणतात. 'टक्' आल्यावर खात्रीसाठी पुन्हा एकदा ओढायची सवय तर मुळातच मोडली पाहिजे, कारण दुसऱ्या ओढीत नट आणखी फिरतो. काम संपले की रेंच सर्वांत खालच्या आकड्यावर आणून ठेवायचा.

इंधनाच्या आणि तेलाच्या नळ्या जोडताना नट आधी बोटांनी शेवटपर्यंत फिरला पाहिजे. मग दोन पाने घ्यायचे, एकाने धरायचे आणि एकाने आवळायचे. नळी ओढून, वाकवून किंवा धरून जुळवावी लागत असेल तर ते काम तिथेच थांबवायचे. २४ ऑगस्ट २००१ रोजी एअर ट्रान्झॅटचे एअरबस ए३३० अटलांटिकवर असताना त्याचे इंधन संपले. विमानात ३०६ जण होते. दोन्ही इंजिने बंद पडलेल्या अवस्थेत ते तरंगत अझोर्समधल्या लाजेसच्या तळावर उतरले आणि सगळे वाचले. काही दिवसांपूर्वी त्याचे उजवे इंजिन बदलले होते. नव्या इंजिनावर जुन्या इंजिनाचा हायड्रॉलिक पंप चढवताना दोन वेगवेगळ्या रचनांच्या नळ्या एकत्र आल्या. हायड्रॉलिक नळी आणि इंधननळी यांच्यात अंतर उरत नव्हते, तेव्हा एक नळी ताणून धरून ते अंतर मिळवले गेले. दाब आल्यावर नळी परत सरकली, इंधननळीला घासत राहिली आणि इंधननळी फुटली. 'ही जागेवर बसत नाही' हे सर्वांत आधी हाताला कळत होते. अशा वेळी सुटे भाग, त्यांचे क्रमांक आणि बदल-पत्रके काढून बघायला बसायचे, हे शिकवावे लागते. नुसत्या पडद्यावरच्या सरावात नळी नेहमी बरोबरच बसते, आणि आभासी चष्म्यांबद्दल आमची खरी तक्रार हीच आहे. भागांची नावे, जागा आणि क्रम पाठ करायला ते चांगले आहेत. अडखळणे त्यांत नसते.

ओ-रिंगचेही असेच. ५ मे १९८३ रोजी ईस्टर्न एअरलाइन्सचे तीन इंजिनांचे एल-१०११ मायामीहून नासाउला निघाले. तिन्ही इंजिनांच्या चिप डिटेक्टरना (तेलातला धातूचा चुरा पकडणाऱ्या चुंबकी भागांना) ओ-रिंग लावल्याच नव्हत्या. तिन्हींतून तेल गेले आणि तिन्ही इंजिने एकेक करून बंद पडली. मधले कसेबसे पुन्हा सुरू झाले आणि १७२ जणांचे ते विमान मायामीला परत उतरले. काही रुपयांचे रबरी कडे, पण ते बसवायची पद्धत आहे. भाग-क्रमांक पाकिटावर वाचायचा, रंगावर भरवसा ठेवायचा नाही. इंजिनाच्या कृत्रिम तेलाला फ्लोरोकार्बनची रिंग चालते. हायड्रॉलिकच्या फॉस्फेट-एस्टर द्रवासाठी असलेली इथिलीन-प्रॉपिलीनची रिंग त्याच इंजिन-तेलात फुगते आणि मऊ पडते. दोन्ही काळ्या असू शकतात. पाकिटावरची मुदत बघायची. बसवण्याआधी त्याच यंत्रणेतले तेल बोटाने लावायचे, आट्यांवरून नेताना आवरण घालायचे, आणि खाचेत बसल्यावर पीळ पडलेला नाही ना हे फिरवून पाहायचे. पीळ पडलेली रिंग पहिल्या चाचणीत टिकते आणि पुढे नागमोडी चिरते. जुनी रिंग काढली की ती टेबलावर समोर ठेवायची. काढलेल्या आणि लावलेल्या रिंगांची संख्या जुळली पाहिजे. दोन्ही इंजिनांवर एकच काम एकाच माणसाने एकाच पाळीत करू नये हा नियम अशाच घटनांतून पक्का झाला. तो का आहे हे मुलांना ल्यूटनला उतरलेल्या ७३७ वरून आणि या एल-१०११ वरून सांगा, म्हणजे तो नुसता घोकावा लागणार नाही.

चिप डिटेक्टरवर सापडलेला चुरा वाचणे हे वेगळेच कौशल्य आहे. केसासारखा बारीक काळा गाळ बहुतेक वेळा नेहमीच्या झिजेचा असतो. एका बाजूने चकचकीत, दुसऱ्या बाजूने खडबडीत अशी चपटी खपली दिसली की बेअरिंगच्या धावेचा पृष्ठभाग सुटू लागल्याची शंका घ्यायची. बेअरिंगच्या पिंजऱ्यावरचा चांदीचा मुलामा लोहचुंबकाला चिकटत नाही, तो फिल्टरमध्ये शोधावा लागतो. धातू नेमका कोणता हे प्रयोगशाळेतले यंत्र सांगते. पण फिल्टरच्या घड्या उलगडून, दहापट भिंगाखाली, योग्य खपली वेचून तिथे पाठवणारा माणूस नसेल तर यंत्राला तपासायला नुसता गाळ मिळतो. बेअरिंग उघड्या हाताने धरायचे नाही, घामाचा डाग गंजाची सुरुवात असतो. कोरडे बेअरिंग हवेच्या झोताने फिरवायचे नाही. नवी मुले आवाज आवडतो म्हणून हे हमखास करतात.

आता ज्यावर मोठा खर्च होतो त्या तपासणीबद्दल, म्हणजे चमकणाऱ्या द्रवाने तडे शोधण्याबद्दल. १९ जुलै १९८९ रोजी अमेरिकेत सू सिटीला युनायटेडचे डीसी-१० कोसळले. विमानातल्या २९६ पैकी १८४ जण वाचले. मागच्या इंजिनाच्या पंख्याची टायटॅनियमची चकती तड्यामुळे फुटली होती. तिची याच पद्धतीने शेवटची तपासणी झाली त्यानंतर ७६० उड्डाणे झाली होती. धातुतज्ज्ञांच्या हिशेबाने त्या तपासणीच्या वेळी तडा सुमारे अर्धा इंच लांब होता. सुसज्ज ओव्हरहॉल शॉप होते, द्रवही होता आणि दिवाही. तडा मात्र निसटला, आणि अमेरिकी तपास मंडळाने तपासणीतल्या मानवी मर्यादांचा पुरेसा विचार न झाल्याचे संभाव्य कारणातच लिहिले.

या तपासणीत काय काय बिघडते ते पाहा. भाग धुताना वाळूचा मारा केला तर तड्याचे तोंड मिटते. धुतल्यावर आत पाणी राहिले तर द्रव आत शिरत नाही. द्रव कमी वेळ ठेवला तर बारीक तडा भरत नाही. इमल्सिफायर (वरचा जादा द्रव धुऊन निघावा म्हणून लावायचे रसायन) जास्त वेळ राहिला किंवा फवारा जोरात मारला तर तड्यातला द्रवही धुऊन निघतो. सुकवायची भट्टी साधारण ७१ अंश सेल्सिअसच्या वर नेली तर द्रव आतच सुकतो. डेव्हलपरची (तड्यातला द्रव बाहेर ओढून दाखवणारी) पूड चकतीच्या भोकाच्या आतल्या अंगाला पोहोचली नाही, तर तिथे काही उमटतच नाही. ती बसल्यावर निदान १० मिनिटे थांबायचे. अंधाऱ्या खोलीत डोळे सरावायला निदान एक मिनिट द्यायचे, उजेडात काळी पडणारी काच असलेला चष्मा घालायचा नाही. ब्लॅक लाइटची (द्रव चमकवणाऱ्या अतिनील दिव्याची) तीव्रता ३८ सेंटिमीटरवर दर चौरस सेंटिमीटरला १००० मायक्रोवॅटपेक्षा कमी नसावी, आणि खोलीतला पांढरा उजेड साधारण २० लक्सच्या वर जाऊ नये. एवढे सगळे मोजमापाचे झाले. त्यानंतर माणसाने भाग सर्व बाजूंनी फिरवून पाहायचा असतो, दोरी किंवा हूक जिथे टेकला आहे ती जागासुद्धा. शंकास्पद रेघ दिसली की द्रावकात भिजवलेल्या बोळ्याने एकदाच पुसायचे आणि पाहत राहायचे. खरा तडा थोड्या वेळाने पुन्हा पाझरतो, ओरखड्यातले किंवा घाणीतले चमकणे परत येत नाही. पाझरेपर्यंत डोळा न हलवता थांबणे हे शिकवून आणि सराव करूनच येते.

आम्ही यंत्रांच्या विरोधात नाही, आणि हाताच्या मोठेपणाच्या नावाखाली कोणी खरेदी टाळू नये असेही आम्हाला वाटते. १७ एप्रिल २०१८ रोजी साउथवेस्टच्या ७३७ चे पंख्याचे पाते मुळाशी तुटले आणि एका प्रवासी महिलेचा जीव गेला. तो तडा आधीच्या द्रव-तपासणीत आणि वंगण लावताना केलेल्या डोळ्यांच्या पाहणीत दिसण्यासारखा बहुधा नव्हताच, असा तपासाचा निष्कर्ष आहे. तिथे कुशल डोळा पुरला नसता. एडी करंट (विद्युतप्रवाहाने) आणि अल्ट्रासोनिक (ध्वनिलहरींनी) तपासणी हवीच होती, आणि पुढे ती सक्तीची झाली. रोटरचे संतुलन, पात्यांची टोके रोटर वेगाने फिरवत घासून सारखी करणे, टर्बाइन पात्यांच्या थंडाव्याच्या छिद्रांतून हवा पुरेशी जाते का हे मोजणे, ही कामे हाताने होत नाहीत. पण ही यंत्रे इंजिन शॉपची आहेत. दोन-तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात विद्यार्थ्याने ती पाहावीत, समजून घ्यावीत. ती प्रत्येक संस्थेने विकत घेऊन झाकून ठेवावीत याची गरज नाही. जवळच्या शॉपशी करार करून वर्षातून दहा दिवस तिथे पाठवले तरी भागते.

नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या सीएआर-१४७ मध्ये (प्रशिक्षण संस्थांसाठीच्या नियमांत) बी१.१ च्या, म्हणजे टर्बाइन इंजिनाच्या विमानांसाठीच्या यांत्रिक परवान्याच्या, मूलभूत अभ्यासक्रमाला २४०० तास आहेत, आणि त्यांतला मोठा वाटा प्रात्यक्षिकाचा आहे. परवान्याच्या लेखी परीक्षा मुख्यतः बहुपर्यायी असल्यामुळे वर्गाचा ओढा तिकडे जातो, हे आम्ही समजू शकतो. तरी हे तास कागदावर न राहता टेबलावर खर्च व्हावेत म्हणून काही ठोस सुचवतो.

प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतःचा व्हाइस, त्याला ॲल्युमिनियमचे मऊ जबडे. २० जणांच्या तुकडीला निदान १०० बाद पाती. शॉपमधून ती मागताना मुळात भोक पाडून, 'फक्त प्रशिक्षणासाठी' कोरूनच घ्यावीत, म्हणजे ती कधी चुकूनही वापरात जाणार नाहीत. प्रत्येकाने पाच पात्यांवरच्या ठरावीक खोलीच्या खाचा घासाव्यात, आणि निदान एक पाते मुद्दाम तापवून निळे करावे, म्हणजे तो रंग डोळ्यांत बसेल. लॉकवायरचे ५० सराव. ०.८ मिलिमीटरची तार, इंचाला ६ ते ८ पीळ, ओढ नेहमी आवळण्याच्या दिशेने, शेपूट आत वळवलेली. एका सरावाला ४० सेंटिमीटर तार धरली तरी २० जणांना ४०० मीटर लागते. वजनात ती दोन किलोच्या आतच बसते. एका प्रोबच्या दुरुस्तीच्या खर्चात अशी तार किती वर्षे पुरेल, हे आपणच काढून पाहा.

एक टॉर्क तपासणी यंत्र मात्र जरूर घ्या. विद्यार्थी आवळतो, यंत्र त्याने दिलेला खरा आकडा दाखवते. जोडपाना लावून, डोक्यावर हात करून, न दिसणाऱ्या जागी आरशात बघून, असे वेगवेगळे करून घ्या आणि प्रत्येक आकडा लॉगबुकात लिहा. नुसते 'केले' असे लिहून सही नको. किती वेळा चुकले आणि किती वेळात सुधारले हे लिहिलेले असले, तर भरती करणाऱ्याला त्या वहीचा उपयोग होतो.

द्रव-तपासणीसाठी ४० भागांचा एक संच ठेवा. त्यात दहा खरे तडे गेलेले, काहींवर नुसते ओरखडे, उरलेले स्वच्छ. कोणता कसा हे फक्त प्रशिक्षकाला माहीत. किती तडे निसटले आणि किती ठिकाणी उगाच तडा म्हटले, हे दोन्ही मोजा. दर सहा महिन्यांनी संच बदला, कारण मुले भाग ओळखायला लागतात.

एक निकामी पण पूर्ण इंजिन असू द्या, काचेआड नको. त्याच्यावरचे इंधन पंप, स्टार्टर, जनरेटर, नळ्या आणि वायरिंग प्रत्येक तुकडीने उतरवून परत चढवावे. मधोमध काम थांबवून दुसऱ्या गटाला सोपवायला लावावे, लेखी नोंदीसह. दुसऱ्या गटाने फक्त त्या नोंदीवरून काम पूर्ण करावे. किती झाकणे, किती ओ-रिंग, किती बोल्ट उरले ते शेवटी मोजावे. ल्यूटनला उतरलेल्या त्या विमानाची चूक इथे सुरक्षितपणे पुन्हा पुन्हा करून पाहता येते.

आणि शिकवणारे. वीस-पंचवीस वर्षे पाती घासलेले, बेअरिंग बसवलेले, ब्लॅक लाइटखाली बसलेले अनेक कारागीर निवृत्त होत आहेत. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांकडे पदवी नाही, आयटीआयचे फिटरचे प्रमाणपत्र आहे. सध्याच्या पात्रता-अटींत ते मुख्य प्रशिक्षक म्हणून बसत नसतील, तर प्रात्यक्षिक सहायक म्हणून तासिका तत्त्वावर घ्या, आणि मानधन एवढे ठेवा की ते यायला तयार होतील. मराठी माध्यमातून आयटीआयला आलेल्या मुलांना पुस्तिकेतले इंग्रजी अडते. मराठीतून समजावणारा माणूस शेजारी असला की तीच मुले पुस्तिका वाचायला शिकतात, हात तर त्यांचा तयार असतोच.

पुढच्या खरेदीची यादी अंतिम करण्यापूर्वी ती आम्हाला दाखवावी, ही विनंती. कोणती वस्तू कोणत्या सरावासाठी, किती जणांत, आठवड्याला किती तास वापरली जाईल हे प्रत्येक ओळीपुढे लिहून आपल्याशी चर्चा करायला आम्ही कोणत्याही रविवारी येऊ. बाद पाती, जुन्या नळ्या आणि मुदत संपलेल्या ओ-रिंग नियमात राहून मिळवून देण्यासाठी आमच्या शॉपमध्ये लागतील ती पत्रे लिहायलाही आम्ही तयार आहोत.

आपले,
विमान इंजिन देखभालीतील तंत्रज्ञ, निरीक्षक आणि परवानाधारक अभियंते